सतराव्या रकान्याविषयी : मुंबईतील वधू-वर सूचक मंडळांना खुले पत्र

मुंबई आणि उपनगरांतील वधू-वर सूचक मंडळांचे संचालक, कार्यकर्ते आणि समुपदेशक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या भावाच्या मुलीचे नाव नोंदवण्यासाठी भाऊ, वहिनी आणि मी दादर भागातील एका मंडळाच्या कार्यालयात गेलो होतो. मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एका मंडळाविषयी नाही. नंतर मी आणखी तीन मंडळांचे अर्ज मागवून वाचले आणि शब्दांत थोडाफार फरक असला तरी ज्या रकान्याविषयी मी लिहिणार आहे तो तिन्ही अर्जांत होता. दादरच्या अर्जात त्याचा क्रमांक सतरा होता. 'कुटुंबात कोणास कोड / श्वेतकुष्ठ, फिट्स, वेडेपणा अथवा अन्य आनुवंशिक दोष आहे काय? असल्यास उमेदवाराशी नाते लिहावे.' त्याच्या आधी रक्तगट होता आणि नंतर शाकाहारी की मांसाहारी.

भावाने त्या रकान्यापर्यंत भराभर लिहिले आणि तेथे पेन थांबले. वहिनीने माझ्याकडे न पाहण्यासाठी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली. टेबलापलीकडच्या बाईंनी माझ्या हातांकडे एकदा पाहिले आणि अगदी घरच्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "नुसतं 'आत्या' लिहा, जास्त काही नको. आणि एक सांगू का, राग मानू नका, पण पाहण्याच्या कार्यक्रमाला ताईंना नाही आणलंत तर बरं. मुलीचं चांगलं व्हावं म्हणूनच सांगते." त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. खरोखरच मुलीचे चांगले व्हावे असे त्यांना वाटत होते आणि माझ्यासाठी त्यांनी चहाही मागवला होता. तुच्छतेला उत्तर देण्याचा मला जवळजवळ चाळीस वर्षांचा सराव आहे. सौजन्याला काय उत्तर द्यावे हे मला त्या दिवशी सुचले नाही, म्हणून ते आता लिहून कळवीत आहे.

माझ्या अंगावर कोड आहे. दोन्ही हात मनगटापर्यंत पूर्ण पांढरे आहेत, ओठांच्या कडा, डोळ्यांभोवतीची त्वचा, गुडघे आणि पावले पांढरी आहेत, आणि डाव्या कोपराखाली एक मोठा डाग आहे, ज्याला माझी भाची चौथीत भूगोल शिकत असताना श्रीलंका म्हणत असे. पुढे तो पसरला तेव्हा तिने त्याला ऑस्ट्रेलिया म्हणून बढती दिली. मी एका विमा कार्यालयात नोकरी करते, रोज बोरिवलीहून चर्चगेटला जाते, आणि हे सगळे सांगण्याचे एरवी मला काही कारण नसते, कारण कोड ही सांगण्याची गोष्टच नसते. समोरच्याला ती आधीच दिसलेली असते.

पहिला डाग अकराव्या वर्षी उमटला. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या जिन्यावरून मी पडले, गुडघा फुटला, खपली धरली, आणि खपली पडली तेव्हा खालची कातडी दुधासारखी पांढरी निघाली. त्वचेला इजा झालेल्या जागी कोड उमटणे याला डॉक्टर 'कोब्नर' परिणाम म्हणतात हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. चाळीला मात्र कारण त्याच संध्याकाळी कळले होते. आम्ही मूळचे मालवणकडचे, घरात मासे रोजचे, आणि मी लहानपणी दूध पिणारी मुलगी. तेव्हा सुरमई खाऊन वर दूध प्यायल्याने हे झाले यावर मजल्यावरच्या सगळ्या बायकांचे एकमत झाले. आईने त्या दिवसापासून माझे दूध बंद केले, मग दही, मग ताक, मग पांढरे म्हणून मीठही कमी केले, आणि पुढची अनेक वर्षे ती स्वतःलाच दोष देत राहिली की आपण पोरीला वेळेवर अडवले नाही. मासे आणि दूध एकत्र घेतल्याने कोड होते याला कोणताही वैद्यकीय आधार नाही. तसे असते तर अर्ध्या कोकण किनाऱ्यावर पांढरी माणसे दिसली असती. आजीने गावच्या देवाला कौल लावला. कौलात आमच्या घराण्यात कोणीतरी नाग मारल्याचे निघाले, आणि तो कोणी मारला यावरून दोन चुलत घरांत बरीच वर्षे बोलणे नव्हते, ही गोष्ट आता आम्ही हसत सांगतो. बावचीचे तेल लावून मला गच्चीत उन्हात उभे करीत. बावचीत औषधी द्रव्य आहे हे खरे, सोरालेन नावाच्या त्या द्रव्यावर आधुनिक उपचारही उभे राहिले. पण ते किती लावायचे आणि उन्हात किती वेळ थांबायचे याचे मोजमाप आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे गुडघ्यावर बोराएवढे फोड आले आणि त्या फोडांच्या जागी डाग आणखी मोठा झाला.

कोड म्हणजे काय, हे तुमच्यापैकी ज्यांनी तो रकाना छापला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन नावाचे द्रव्य ज्या पेशी तयार करतात, त्या पेशींवर आपल्याच शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा हल्ला करते आणि त्या पेशी नष्ट होतात. त्या जागी त्वचेचा रंग जातो. जंतू नाही, संसर्ग नाही, त्वचेची संवेदना जात नाही, खाज नाही, दुखणे नाही, आयुष्य कमी होत नाही, मूल होण्याशी त्याचा संबंध नाही. थायरॉइडचा विकार अशा रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून डॉक्टर त्याची तपासणी करायला सांगतात. जगाच्या लोकसंख्येत हे प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून दोन टक्क्यांपर्यंत सांगितले जाते आणि निम्म्याच्या आसपास रुग्णांना ते वयाच्या विशीच्या आत सुरू होते. उपचार आहेत: ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचे, मलमांचे, आणि डाग वर्षभर स्थिर असेल तर स्वतःच्याच त्वचेतील रंगपेशी दुसरीकडे बसवण्याचे. २०२२ साली अमेरिकेत रुक्सोलिटिनिब नावाच्या मलमाला बारा वर्षांवरील रुग्णांसाठी मान्यता मिळाली. चेहऱ्यावर रंग बऱ्यापैकी परत येतो, बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर फार कमी येतो; माझ्या हातांचे तसेच झाले आणि पस्तिशीनंतर मी उपचार सोडून दिले. हा हताशपणा नव्हता. आठवड्यातून दोनदा कार्यालयातून लवकर निघून किरणांच्या पेटीत उभे राहण्यापेक्षा मला संध्याकाळचे वाचनालय अधिक आवडत होते, एवढेच.

आता त्या रकान्यातल्या शब्दांविषयी. 'श्वेतकुष्ठ' हा शब्द कृपा करून वापरू नका. कुष्ठरोग एका जिवाणूमुळे होतो. नॉर्वेच्या आर्मावर हान्सेन यांनी तो १८७३ साली शोधला. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, कोडाच्या डागावर ती शाबूत असते. टाचणी टोचली तर मी इतरांइतकीच ओरडते. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, पण भाषेने तो लावून ठेवला आहे. आपला 'कोड' हा शब्द 'कुष्ठ' या संस्कृत शब्दावरूनच आलेला आहे, आणि हिंदीत 'कोढ़' म्हणजे कुष्ठरोगच. मुंबईत माणूस सकाळी मराठीत बोलतो, दुपारी हिंदीत, आणि या दोन भाषांच्या सांध्यात माझ्यासारख्यांचा आजार दिवसातून दोनदा बदलतो. मराठीत लाडाला आणि कौतुकालाही कोडच म्हणतात. ते कोड आमच्या वाट्याला कमी आले, असा विनोद माझे वडील करीत आणि आई त्यांच्यावर चिडे.

परंतु येथे मला स्वतःचीही एक चूक कबूल केली पाहिजे. अनेक वर्षे मी लोकांना घाईघाईने सांगत असे की, "हे कुष्ठ नाही हो, घाबरू नका." या वाक्याचा दुसरा अर्थ असा होतो की कुष्ठ असते तर घाबरणे योग्य ठरले असते. वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० सालापासून या शहरात आहे. आज कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार सहा महिन्यांत किंवा वर्षभरात पूर्ण होतो, औषधे मोफत मिळतात, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात संसर्गाची शक्यता उरत नाही. म्हणजे ज्यांच्यापासून मी स्वतःला वेगळे काढत होते त्यांनाही टाळण्याचे कारण उरलेले नव्हते. एका रांगेतल्या माणसाने मागच्याला ढकलून स्वतः पुढे सरकावे तसे मी करीत होते. म्हणून माझी मागणी 'कोड आणि कुष्ठ वेगळे रकाने करा' अशी नाही.

रकाना कोठून आला असेल याचा शोध घेताना मला एक गंमत सापडली. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहसंबंधासाठी वर्ज्य अशी दहा प्रकारची कुळे सांगितली आहेत. त्यात संस्कार सोडलेले, मुलगा नसलेले, वेदाध्ययन नसलेले, अंगावर दाट केस असलेले, मूळव्याध असलेले, क्षयी, मंदाग्नीचे, अपस्माराचे, श्वित्र असलेले आणि कुष्ठ असलेले कूळ येते. श्वित्र म्हणजे आमचे कोड. या यादीविषयी मला दोन गोष्टी तुमच्या निदर्शनास आणायच्या आहेत. पहिली, श्वित्र आणि कुष्ठ त्या जुन्या यादीतसुद्धा वेगवेगळे मोजलेले आहेत, जे तुमच्या अर्जात तिरक्या रेघेने एक केले आहेत. दुसरी, दहांपैकी बाकीच्या बऱ्याच गोष्टी तुम्ही केव्हाच सोडून दिल्या आहेत. मुंबईत ज्याला मंदाग्नी नाही, ज्याच्या खिशात पित्ताची गोळी नाही आणि ज्याच्या घरात एकाही माणसाला मूळव्याध नाही असा मुलगा शोधायला गेलात तर तुमची मंडळे उद्याच बंद करावी लागतील. वेदाध्ययनाचा रकाना कोणी ठेवत नाही. दाट केसांचाही नाही. काळाप्रमाणे यादीतली नावे गाळण्याची सवय तुम्हाला आहे, हेच यातून दिसते.

'आनुवंशिक दोष' या शब्दांकडे येते, कारण तुमचा सगळा बचाव त्या दोन शब्दांवर उभा आहे. कोडात आनुवंशिकतेचा काही वाटा आहे हे मी नाकारीत नाही. एका मोठ्या अभ्यासात कोड असलेल्यांच्या सख्ख्या भावंडांत ते सुमारे सहा टक्क्यांना आढळले. त्याच अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण २३ टक्के निघाले, म्हणजे जनुके तंतोतंत सारखी असूनही चारांपैकी तिघांच्या जुळ्या भावंडाला कोड नव्हते. आई-वडील, भावंडे आणि मुले यांच्या पलीकडे गेल्यावर ही शक्यता आणखी घटते. माझ्या भाचीचे वय सत्तावीस आहे, तिच्या अंगावर एकही डाग नाही, आणि तिच्या होणाऱ्या मुलांच्या संदर्भात मी, त्यांच्या आजोबांची बहीण, वैद्यकीयदृष्ट्या किती दूर उभी आहे याचा हिशोब रकाना छापणाऱ्याने एकदा मांडून पाहावा. त्याच अर्जात मधुमेहाचा रकाना नाही. मधुमेह आई-वडिलांकडून मुलांकडे येण्याची शक्यता कोडापेक्षा कितीतरी मोठी आहे, त्याने मूत्रपिंड जाते, दृष्टी जाते, आणि आमच्या भावाच्या घरात तो दोन्ही बाजूंनी आहे. तो कोणी विचारला नाही. याचे कारण उघड आहे. मधुमेह फोटोत दिसत नाही.

येथे वहिनीची माफी मागून एक गोष्ट लिहिते. पत्र पाठवण्यापूर्वी तिला वाचून दाखवले आहे. तिच्या कपाळावर, टिकलीच्या बरोबर खाली, चण्याच्या डाळीएवढा पांढरा ठिपका आहे. चिकट टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचे रसायन असू शकते आणि ते वर्षानुवर्षे त्याच जागी लागल्याने काही बायकांच्या त्वचेतल्या रंगपेशी मरतात. रबरी चपलांच्या पट्ट्यांखालीही असे होते. वहिनीने त्यावर उपाय म्हणून अधिक मोठी टिकली लावायला सुरुवात केली. त्या दिवशी टेबलापाशी आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, दोघींच्या त्वचेवर पांढरे डाग होते, आणि सतराव्या रकान्यात फक्त एकीचे नाते लिहायचे होते.

तुमच्यापैकी काहींनी यापूर्वी मला सांगितले आहे की, "ताई, आम्ही विचारलं नाही तर पुढे कोर्टकचेऱ्या होतात." हा मुद्दा मी गंभीरपणे घेते, कारण फसवणुकीने लग्न लावावे असे माझे म्हणणे नाही. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात, जोडीदाराविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती फसवून लपवल्यास विवाह रद्द ठरवून मागण्याची तरतूद आहे. पण ती वस्तुस्थिती जोडीदाराविषयीची हवी, असे कायदा म्हणतो. जोडीदाराच्या आत्याविषयी तो काही म्हणत नाही. कोड हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण म्हणून लिहिलेले नाही आणि कधीही नव्हते. कुष्ठरोग होता, तोही २०१९ साली संसदेने वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती करून काढून टाकला. संसदेला जे काढता आले ते छापखान्याला एक ओळ कमी सांगून तुम्हालाही काढता येईल.

मी स्वतः १९९९ साली एका मंडळात नाव नोंदवले होते. तेथे दोन प्रकारच्या फायली असत. निळ्या फायली शिक्षणाप्रमाणे लावलेल्या होत्या: पदवीधर, अभियंते, डॉक्टर, परदेशस्थ. आणि खिडकीजवळच्या कपाटात खालच्या फळीवर एक लाल फाइल होती, तिच्यावर 'विशेष' असे लिहिलेले होते. माझा अर्ज वाचून झाल्यावर तेथील गृहस्थांनी तो पंच केला आणि न विचारता लाल फायलीत लावला. ती फाइल मी पुढच्या दोन वर्षांत इतक्या वेळा चाळली की त्यातली माणसे मला शेजाऱ्यांसारखी ओळखीची झाली. पोलिओने पाय अधू झालेला एक लेखापाल होता, त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. घटस्फोटित होत्या. ऐकू न येणारा एक चित्रकार होता. लग्नानंतर चार महिन्यांत नवरा वारलेली एक शिक्षिका होती, तिचे वय चोवीस. आणि कोड असलेले आम्ही सात-आठ जण होतो. या सगळ्यांत समान काय होते? एकमेकांशी काही नाही. समान एवढेच की निळी फाइल चाळणाऱ्याला यांच्यापैकी कोणी चुकून दिसू नये अशी व्यवस्था कोणीतरी केली होती. मला आलेली पहिली तीन स्थळे पंचेचाळिशीच्या पुढच्या, मुले असलेल्या विधुरांची होती आणि मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. विधुरांविषयी माझ्या मनात काही आकस नाही. पण माझा बी. कॉम.चा प्रथम वर्ग, माझी नोकरी, माझे वाचन, माझे वय यांतले काहीच मोजले गेले नव्हते. मोजले गेले होते ते हात.

माझे लग्न झाले नाही. याचे सगळे खापर लाल फायलीवर फोडणे खरे होणार नाही. माझा स्वभाव तापट आहे, आणि ज्या एका मुलाने सगळे पाहून-समजून मला होकार दिला होता त्याला मीच नकार दिला, कारण तो दर वाक्यात स्वतःच्या मोठेपणाची आठवण करून देत होता. उपकाराच्या पायावर उभा राहिलेला संसार मला नको होता. पुढे पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी स्थापलेल्या श्वेता असोसिएशनविषयी वाचले. कोड असलेल्यांसाठी ही संस्था स्वमदत गट चालवते, वधू-वर मेळावेही घेते. त्या कामाविषयी मला फार आदर आहे, कारण तेथे माणसे आपणहून एकत्र येतात. लाल फायलीत आम्हाला कोणी विचारून घातले नव्हते. हा फरक लहान वाटला तरी सगळे त्यातच आहे.

या सगळ्याची पूर्ण जबाबदारी तुमच्यावर टाकावी असेही मला वाटत नाही. लोकलच्या बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर बसायला मिळावे म्हणून भांडणाऱ्या या शहरात माझ्या शेजारची जागा अंधेरीपर्यंत रिकामी राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे. एका हळदीकुंकवाला हळद लावणारीचे बोट माझ्या कपाळापासून दोन बोटे अलीकडे थांबले आणि तिने हवेतच बोट फिरवून करंडा पुढे नेला. ती बाई काही तुमच्या मंडळात कामाला नव्हती. पण डब्यातल्या बाईला मी विचारू शकते की बसता का, जागा आहे. करंडा घेणाऱ्या बाईचे बोट धरून मी ते कपाळाला टेकवले, आणि नंतर आम्ही दोघी हसलो. छापील रकान्याचे बोट धरता येत नाही. डब्यातली भीती डब्यात संपते. तुमच्या अर्जातली भीती टाइप होते, क्रमांक घेते, संगणकात जाते, आणि आता तर संकेतस्थळावर खूण केली की 'कुटुंबात कोड नको' असे स्थळ आपोआप गाळून मिळते. गाळले गेलेल्याला आपण गाळलो गेलो हेही कळत नाही.

आणखी एक गोष्ट ओझरती सांगते. तुमच्यापैकी दोन मंडळांच्या त्रैमासिक पुस्तिका माझ्याकडे आहेत. त्यांत शेवटच्या पानावर 'पांढरे डाग समूळ नष्ट, खात्रीचा उपाय' अशा जाहिराती आहेत. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवरील उपायांची जाहिरात करण्यास त्याने बंदी घातली आहे त्यांच्या अनुसूचीत ल्युकोडर्मा, म्हणजे कोड, स्पष्ट नावाने आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अशा जाहिरातींच्या मागे लागून माझ्या आईने दोन बांगड्या मोडल्या होत्या. आतल्या पानांवर आम्हाला गाळायचे आणि मागच्या पानावर आमच्याच पैशांवर पुस्तिका छापायची, हे निदान एकत्र शोभत नाही.

माझी विनंती अशी आहे. कुटुंबातील कोडाविषयीचा प्रश्न अर्जातून काढून टाकावा. नातेवाइकाच्या त्वचेविषयी विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. उमेदवाराला स्वतःला कोड असेल तर ते कधी आणि कसे सांगायचे हे त्याच्यावर सोपवावे, आणि दोन माणसे एकमेकांशी पुढे बोलायचे ठरवत असतील तेव्हा, प्रत्यक्ष भेटीच्या आधी, हे मोकळेपणाने सांगावे असा सल्ला तुमच्या समुपदेशकांनी जरूर द्यावा. तो सल्ला मीही देईन, कारण लपवलेल्या डागावर मेकअप चढवून मांडवात उभ्या राहिलेल्या आणि नंतर वर्षानुवर्षे बाथरूमची कडी लावून पावडर लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. सांगणे आणि गाळले जाणे यांत फरक आहे. सांगण्यासाठी समोर माणूस लागतो, आणि सतराव्या रकान्यासमोर माणूस नसतो. लाल फायली, त्यांचा रंग किंवा संगणकातले नाव आता काहीही असो, बंद कराव्यात, आणि त्यातली माणसे शिक्षणाप्रमाणे, वयाप्रमाणे, आवडीप्रमाणे निळ्या फायलींत लावावीत. ज्याला नको असेल तो पान उलटेल. पान उलटण्याचा हक्क मी कोणाचा काढून घेत नाही. आणि पाहण्याच्या कार्यक्रमाला कोणत्या नातेवाइकाने यावे हा सल्ला, तो कितीही मायेने दिलेला असला तरी, देऊ नये.

यावर तुम्ही म्हणाल की लोकच विचारतात, आम्ही काय करणार. पंचवीस वर्षांपूर्वी लोक हुंड्याचा आकडाही तुमच्याच टेबलावर विचारीत असत. तेव्हाही हुंडा घेणे बेकायदाच होते, तरी विचारीत. आता तुमच्या भिंतीवर 'हुंडा मागणाऱ्यांची नोंदणी केली जाणार नाही' अशी पाटी आहे. दादरच्या त्या कार्यालयातही ती होती, बाईंच्या खुर्चीच्या बरोबर मागे. आकडा विचारणारे कमी झाले असे मी म्हणणार नाही, पण तो तुमच्या टेबलावर तरी विचारला जात नाही.

भाचीला यातले मी काहीच सांगितले नव्हते, पण तिच्या आईकडून तिला कळले. त्या रात्री तिचा फोन आला आणि ती बराच वेळ कार्यालयातल्या कुठल्याशा साहेबाविषयी बोलत राहिली, मूळ विषयाला हातही न लावता. फोन ठेवताना म्हणाली, "आत्या, ऑस्ट्रेलिया कसा आहे?" मी म्हटले, न्यूझीलंड निघालंय शेजारी.

अर्ज अजून भरलेला नाही. सोळाव्या रकान्यापर्यंत भावाच्या अक्षरात लिहून तो टीव्हीखालच्या खणात ठेवला आहे, नोंदणी शुल्काची पावती त्याला टाचलेली आहे आणि तिची मुदत सहा महिन्यांची आहे. त्या अवधीत आपण सुधारित अर्ज छापला तर कृपया कळवावे. आम्ही तो नव्याने भरून, तिघेही येऊन, देऊन जाऊ.

कळावे,

आपली नम्र,
गिरगावात वाढलेली आणि बोरिवलीत राहणारी एक आत्या